दचक्यामागची गोष्ट

आल्फ्रेद मोरी हा एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच विद्वान. जाग आणि झोप यांच्या सीमेवर डोळ्यांपुढून सरकणाऱ्या चित्रांना, कानात उमटणाऱ्या आवाजांना ‘हिप्नॅगॉजिक’ हे नाव त्यानेच १८४८ मध्ये दिलं. पण मोरी आज लक्षात आहे तो एका स्वप्नामुळे. तरुणपणी तो आजारी होता, खोलीत अंथरुणाला खिळून होता, आई शेजारी बसली होती. त्याला स्वप्न पडलं फ्रेंच राज्यक्रांतीतल्या दहशतीच्या दिवसांचं. कत्तली दिसल्या, रोब्सपिएर आणि मारा दिसले, न्यायासनापुढे त्याची चौकशी झाली, शिक्षा सुनावली गेली, गर्दीतून गाडी वधस्तंभाकडे निघाली. मान फळीखाली अडकवली गेली, गिलोटिनचं पातं खाली आलं, धड वेगळं झालं, आणि तो घाबरून जागा झाला. पाहतो तर पलंगाचा वरचा भाग निखळून नेमका त्याच्या मानेवर पडला होता.

हे स्वप्न मोरीने १८६१ च्या आपल्या पुस्तकात सांगितलं आणि पुढची कित्येक वर्षं त्यावर वाद झाला. मानेवर लाकूड पडणं ही क्षणाची गोष्ट. त्या क्षणाला शोभेल असा शेवट असलेली लांबलचक कथा आधीच कशी सुरू झाली? पलंग मोडणार हे स्वप्नाला ठाऊक होतं की काय? फ्रॉइडने तोड काढली की ती कथा मोरीच्या डोक्यात तयार पडून होती, लाकडाच्या माराने ती फक्त उघडली. आक्षेप घेणारे म्हणाले की इतक्या वर्षांनी लिहिलेल्या आठवणीवर कितपत विसंबायचं? मला या वादात फार काळ अडकायचं नाही. मोरीच्या मेंदूने जे केलं असावं, ते आपला मेंदू साध्या दचक्याच्या वेळीही करतो, आणि नंतर पूर्ण जागेपणी, दिवसाढवळ्या, शहाणीसुरती माणसंही तेच करत राहतात, हे मला सांगायचं आहे. आधी झटका बसतो. मग त्याला शोभणारी गोष्ट तयार होते. आणि ऐकताना मात्र वाटतं, गोष्ट आधी होती.

डोळा लागतो न लागतो तोच पायरी चुकल्यासारखं होतं. पाय सणकन झटकला जातो, शेजारच्याला लाथ बसते, काळीज धडधडायला लागतं. दहातल्या सहा-सात जणांना हे आयुष्यात कधी ना कधी झालेलं असतं. ज्याला विचारावं तो सांगतो, “मी पडत होतो, म्हणून दचकलो.” कुणी जिन्यावरून पडतं, कुणी विहिरीच्या काठावरून, कुणी चालत्या बसच्या पायरीवरून. प्रत्यक्षात स्नायूंचा तो झटका पाव सेकंदही टिकत नाही. एवढ्या वेळात जिना उभा राहतो, त्यावर माणूस चढतो, पायरी चुकते! काही वेळा पडण्याचा भास खरोखर आधी येत असेल. पण बऱ्याचदा उलटा क्रम अधिक पटतो: पाय झटकला गेला, अर्धवट झोपलेल्या मेंदूला त्याची वर्दी मिळाली, आणि त्याने घाईघाईत एक जिना बांधला. मोरीच्या मानेवर लाकूड पडलं तेव्हा त्याने गिलोटिन बांधलं होतं. सामान वेगळं, गवंडी तोच.

मुळात हा झटका का बसतो? आपण झोपेला दिव्याच्या बटणासारखं समजतो, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. झोप येते ती जत्रा उठते तशी. पाळणेवाला आधी आवरतो, चहाची टपरी उशिरापर्यंत चालू असते, आणि मध्येच कुठला तरी भोंगा पुन्हा एकदा वाजून गप्प होतो. फ्रान्समधल्या लिऑनच्या संशोधकांनी २०१० मध्ये हे फार नेमकेपणाने दाखवलं. अपस्माराच्या शस्त्रक्रियेच्या तयारीसाठी ज्यांच्या मेंदूत आधीच तारा बसवलेल्या होत्या अशा रुग्णांच्या त्यांनी नोंदी घेतल्या. इंद्रियांकडून येणारा बराचसा माल जिथून पुढे जातो तो थॅलॅमस आधी मंदावतो आणि मेंदूचं बाहेरचं आवरण कित्येक मिनिटं उशिरा त्याच्यामागे जातं, असं दिसलं. म्हणजे काही काळ दार बंद असतं आणि आत दिवा चालू असतो. त्या अवधीत बाहेरून बातमी येत नाही म्हणून आतला माणूस स्वतःच बातम्या रचतो. “मी तर जागाच होतो,” असं घोरणारा माणूस शपथेवर सांगतो, तो खोटं बोलत नसतो.

झोपेचं यंत्र मेंदूत नेमकं कुठे आहे याचा पहिला धागा सापडला तो एका साथीमुळे. पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोपात मेंदूच्या एका विचित्र दाहाची साथ आली. काही रुग्ण महिनोन्‌महिने झोपून राहत, थोड्यांना झोपच येत नसे. व्हिएन्नातल्या कॉन्स्टांटिन फॉन इकॉनोमोने मृतांचे मेंदू तपासले. झोप हरवलेल्यांच्या हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात बिघाड होता, झोपाळूंच्या मागच्या भागात. आज आपण म्हणतो की झोपवणाऱ्या आणि जागवणाऱ्या पेशी एकमेकींना दाबत असतात. एक बाजू वरचढ झाली की दुसरी गप्प होते. पण गप्प होण्याआधीची धुसफूस राहतेच. त्या धुसफुशीत मेंदूच्या देठातून कण्याकडे एखादा दांडगा संदेश निसटतो आणि पाय उडतो, हे आजचं प्रचलित स्पष्टीकरण. अतिश्रम, अपुरी झोप, रात्री उशिराची कॉफी, मनावरचा ताण यांनी हे झटके वाढतात, तेही याच्याशी जुळतं. इयन ऑस्वाल्ड या संशोधकाने १९५९ मध्येच मेंदूच्या विद्युत-आलेखांच्या साहाय्याने या झटक्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. आणि झोपेच्या विकारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या दचक्यांची जागा ‘सामान्य प्रकार’ या सदरात आहे.

म्हणजे यंत्रणा आहे, पण तिला काही हेतू असलाच पाहिजे असं नाही. आणि इथेच आपली पंचाईत होते. ‘कशामुळे’ याचं उत्तर मिळालं तरी आपलं समाधान होत नाही. आपल्याला ‘कशासाठी’ हवं असतं.

या ‘कशासाठी’चं आजचं सर्वांत लोकप्रिय उत्तर झाडावर बसलं आहे. आपले पूर्वज फांदीवर झोपत. झोपेत स्नायू सैल पडले की मेंदूला वाटे आपण पडतोय. म्हणून तो झटका देऊन जागं करी. ज्यांना झटका बसला ते वाचले. आपण त्यांचे वंशज. ही गोष्ट ऐकायला इतकी गोड आहे की तिला पुरावा कुणी विचारत नाही. जरा फांदीवर बसून पाहू. तोल राखून झोपलेल्या माणसाने अचानक लाथ झाडली तर तो वाचेल की खाली जाईल? पडणाऱ्याला उपयोगी पडते ती मूठ आवळण्याची, कवटाळण्याची हालचाल. आपल्या दचक्यात मात्र बहुधा पाय झाडला जातो, कधी एकच हात उडतो. शिवाय आपले सर्वांत जवळचे नातेवाईक, चिंपांझी, रोज संध्याकाळी फांद्या वाकवून चांगली गादी तयार करतात आणि तिच्यात आडवे होतात. त्यांच्या झोपेत दर रात्री कड्यावरचा प्रसंग नसतो.

कवटाळण्याची हालचाल माणसाच्या बाळात खरोखर आहे. एर्न्स्ट मोरो या बालरोगतज्ज्ञाने १९१८ मध्ये तिचं वर्णन केलं. तान्ह्या बाळाचं डोकं किंचित मागे सोडलं किंवा मोठा आवाज झाला की दोन्ही हात आधी बाहेर फेकले जातात आणि मग छातीशी येतात, जणू कुणाला मिठी मारावी. चार-सहा महिन्यांत ती प्रतिक्षिप्त क्रिया आपोआप मावळते. आईच्या अंगाला चिकटून राहणाऱ्या पूर्वजांशी हिचं नातं जोडायला निदान आकार तरी जुळतो. मोठ्यांचा दचका हे तिचंच उरलेलं शेपूट आहे असं सुचवायला मात्र काहीच हाती नाही. पण ही फांदीवरच्या माकडाची गोष्ट मागे हटत नाही, कारण तिने विज्ञानाचा सदरा घातला आहे. उत्क्रांतीचं नाव घेतलं की जी गोष्ट आपण आजीकडून ऐकली असती तर हसून सोडून दिली असती, तीच आपण मान डोलावून पुढे पाठवतो.

आजीची गोष्ट तशी कमी सुरेख नव्हती. बाळ झोपेत हसलं की सटवाई हसवते, मुसमुसलं की सटवाई रडवते, हे महाराष्ट्रातल्या घराघरांत सांगितलं गेलेलं आहे. बाळ सारखं दचकायला लागलं की दृष्ट काढायची, मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळून चुलीत टाकायच्या, उशाखाली लोखंडाचं काहीतरी ठेवायचं. आणि सोबत दुपट्यात घट्ट गुंडाळायचं, ज्याने हात फेकले जाणं आटोक्यात येऊन बाळ खरंच शांत झोपायचं. श्रेय मात्र मिरच्यांच्या ठसक्याला जायचं. गावाकडे, विशेषतः कोकणात, अजून एक नियम ऐकू येतो: रात्री कुणी नावाने एकदाच हाक मारली तर ओ देऊ नये, तिसऱ्या हाकेची वाट पाहावी. डोळा लागताना आपलंच नाव स्पष्ट ऐकू येणं हा या अवस्थेतला फार नेहमीचा भास आहे, आणि तो बहुधा एकदाच येतो. नियम करणाऱ्यांच्या मनात काय होतं ते सांगता यायचं नाही, पण अर्धवट झोपेत उठून अंधारात बाहेर पडणाऱ्या माणसाला थोपवायला याहून स्वस्त उपाय सुचला नसता. सटवाईच्या गोष्टीकडे मी माकडाच्या गोष्टीपेक्षा जास्त आपुलकीने पाहतो ते एवढ्यासाठी की ती स्वतःला संशोधन म्हणवून घेत नाही, आणि तिने निदान एका घाबरलेल्या आईला धीर दिलेला असतो.

आवाजांचं प्रकरण यापुढेही जातं. झोप लागता लागता डोक्यात बंदुकीचा बार, दार आपटल्याचा किंवा काहीतरी फुटल्याचा आवाज होतो, कधी डोळ्यांपुढे लख्ख उजेड चमकतो. दुखत काहीच नाही, पण माणूस घामाघूम उठून बसतो. फिलाडेल्फियाचे सायलस वीअर मिचेल यांनी १८७६ मध्ये याचं वर्णन केलं होतं. युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांच्या ‘नसलेल्या’ अवयवांच्या वेदनांना नाव देणारे तेच हे डॉक्टर. मग शंभराहून अधिक वर्षं फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९८८ मध्ये पिअर्स या इंग्रज मेंदूविकारतज्ज्ञाने ‘लॅन्सेट’मध्ये त्यावर लिहिलं आणि त्याला ‘एक्सप्लोडिंग हेड सिंड्रोम’, म्हणजे डोकं फुटण्याचा आजार, असं नाव दिलं. निरुपद्रवी गोष्टीचं इतकं भयंकर बारसं वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच झालं असेल. ब्रायन शार्पलेस यांनी २०१५ मध्ये दोनशेहून अधिक अमेरिकन विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा सुमारे १८ टक्क्यांनी असा अनुभव एकदा तरी आल्याचं सांगितलं. त्यातल्या फारच थोड्यांनी तो कुणापुढे बोलून दाखवला असेल. सांगायचं काय? डोक्यात बार उडाला म्हणून? लोक वेड्यात काढतील. आणि डॉक्टरने “हे अनेकांना होतं, यात धोका नाही” एवढं सांगितलं तरी पुष्कळांचा त्रास कमी होतो.

आता कुणी म्हणेल, निसर्गात हेतू शोधणं म्हणजे नेहमी गोष्टच रचणं का? तसं नाही. आयोवा विद्यापीठातले मार्क ब्लमबर्ग आणि त्यांचे सहकारी उंदरांच्या नवजात पिल्लांच्या झोपेतल्या झटक्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास करत आले आहेत. हे झटके वेगळे, ते स्वप्नांच्या, डोळे फिरणाऱ्या झोपेत येतात; पाळण्यातलं बाळ झोपेत बोटं उडवतं, ओठ मुडपतं, हसतं, ती जातकुळी. पिल्लू जागेपणी पाय हलवतं तेव्हा त्या हालचालीची उलट बातमी मेंदू दाबून टाकतो, कारण ती अपेक्षितच असते. झोपेतल्या झटक्याची बातमी मात्र तो पूर्णपणे आत घेतो, आणि तो तो भाग उजळतो. यावरून ते मांडतात की वाढता मेंदू एकेक स्नायू सुटा सुटा उडवून आपल्या शरीराचा नकाशा शिकत असावा. इथेही दावा हेतूचाच आहे, पण त्यातून अंदाज निघतात, ते मोजता येतात, चुकले तर दिसतात. माकडाच्या गोष्टीने आजवर एकही असा अंदाज पुढे केलेला नाही. सटवाईने बाळाला हसवण्यामागे काहीतरी काम चाललं असेल, पण मोठ्या माणसाच्या पायाच्या लाथेलाही काम असलंच पाहिजे हा हट्ट कशाला?

हेतूच्या गोष्टींत आता एका नव्या, झगझगीत गोष्टीची भर पडली आहे. ती सांगते, झोपेचा उंबरठा ही प्रतिभेची खाण आहे. एडिसन हातात धातूचे गोळे घेऊन डुलकी काढायचा, हात सैल पडला की गोळे वाजायचे आणि तो नवी कल्पना घेऊन उठायचा. चित्रकार दालीने गोळ्यांऐवजी किल्ली वापरली. रसायनशास्त्रज्ञ केकुलेला शेकोटीपुढच्या डुलकीत बेंझिनचं वर्तुळ दिसलं. पॅरिसमधल्या संशोधकांनी २०२१ मध्ये हे नीट तपासलंही. गणिताच्या कोड्यांत लपलेली एक सोपी वाट शोधायची होती. मध्ये दिलेल्या विश्रांतीत जे हलक्या झोपेत निदान पंधरा सेकंद शिरले त्यांच्यापैकी ८३ टक्क्यांना ती सापडली, जागे राहिलेल्यांपैकी ३१ टक्क्यांना. आणि जे अधिक खोल गेले त्यांचा फायदा निघून गेला. प्रयोग देखणा आहे, मला त्यावर शंका घ्यायची नाही. पण त्यातून जो धंदा निघू पाहतोय, डुलकीतून कल्पना पिकवा, उंबरठ्यावर उभं राहून उत्पादन वाढवा, तो मला माकडापेक्षाही केविलवाणा वाटतो. दिवसाचे सगळे तास विकून झाल्यावर उरलेली ही पाच मिनिटं बिनकामाची राहिली तर काय बिघडेल?

बिघडतं ते भीतीने. दचका बसला, माणूस घाबरला, छातीत धडधडलं, “हार्टचं काही नाही ना” असं मनात आलं, की जागवणाऱ्या पेशींना आयताच मालमसाला मिळतो. दुसऱ्या रात्री तो दचक्याची वाट पाहत झोपायला जातो. वाट पाहत झोपणारा माणूस उंबरठ्यावरच घुटमळतो आणि उंबरठ्यावर घुटमळणाऱ्यालाच दचके जास्त बसतात. मनगटावरचं घड्याळ यात तेल ओततं; सकाळी ते झोपेला गुण देतं, आणि कमी गुणांच्या धास्तीने पुढची रात्र आणखी वाईट जाते. ‘याला काही अर्थ नाही’ हे वाक्य अशा वेळी औषधासारखं काम करतं, पण ते गळी उतरायला कठीण, कारण आपल्याला अर्थाशिवाय चैन पडत नाही.

एवढं म्हटल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, आणि माझं खरं भांडण इथे आहे. जिथे काही नाही तिथे आपण गोष्टी रचतो आणि जिथे खरंच काही आहे तिथे एक शब्द बोलत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातातून सकाळी उठल्यावर दात घासताना ब्रश उडतो, चहाचा कप फेकला जातो, जागरणाच्या दुसऱ्या दिवशी हे वाढतं. घरात त्याला “धांदरट” म्हणून मोकळे होतात. हा झोप लागतानाचा दचका नव्हे. जाग आल्यानंतरचे असे हाताचे झटके किशोरवयात सुरू होणाऱ्या अपस्माराची खूण असू शकतात, त्यावर चांगले उपचार आहेत, आणि ते न केल्यास एखाद्या सकाळी मोठा झटका येऊन मुलगा कोसळू शकतो. त्याची दृष्टसुद्धा कुणी काढत नाही, मेंदूच्या डॉक्टरकडे नेणं तर दूरच.

आणि त्याहून कितीतरी मोठ्या संख्येने आहेत त्या रात्री पाय तळमळणाऱ्या बायका. अंथरुणाला पाठ टेकली की पोटऱ्यांत आत कुठेतरी ओढल्यासारखं, काहीतरी सरपटल्यासारखं, चावल्यासारखं होतं. पाय हलवला, उठून चार पावलं चाललं की बरं वाटतं. पुन्हा आडवं झालं की पुन्हा तेच. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६७२ मध्येच हे लिहून ठेवलं, कार्ल-आक्सेल एकबोम या स्वीडिश डॉक्टरने १९४५ मध्ये त्याचं रीतसर वर्णन केलं. मेंदूतल्या लोहाची कमतरता हे त्यामागचं एक ठळक कारण. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, हा त्रास वाढतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातल्या १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाच्या आहेत. महाराष्ट्रातही प्रमाण निम्म्याहून अधिक. अशा देशात ‘पाय ओढतात’ ही तक्रार घराघरांत असणार हे सांगायला ज्योतिषी नको.

पण त्यावर गोष्ट नाही. ना सटवाई, ना माकड, ना प्रतिभेची खाण. “दिवसभर उभी असते, पाय दुखणारच,” एवढ्यावर विषय संपतो. रात्री सुनेने किंवा लेकीने पाय चेपून द्यायचे, हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालतो. झोप येत नाही म्हणून कुणी सर्दीची गुंगी आणणारी गोळी देतं, आणि तशा गोळ्यांनी ही तळमळ वाढू शकते हे देणाऱ्याला माहीत नसतं. डॉक्टरकडे गेलीच तर हिमोग्लोबिन तपासलं जातं. ते बरं आलं की बाई सुटली, किंवा मनाचा खेळ म्हणून परत पाठवली गेली. शरीरातल्या लोहाचा साठा सांगणारी फेरिटिनची चाचणी हिमोग्लोबिन ठीक असतानाही कमी येऊ शकते, ती फारशी सांगितली जात नाही. सांगितली तरी प्रयोगशाळेच्या कागदावर वीस-पंचवीसचा आकडा ‘सामान्य’ रकान्यात बसतो. पाय तळमळणाऱ्यांच्या बाबतीत मात्र तज्ज्ञांच्या शिफारशी फेरिटिन ७५ पर्यंत असलं तरी लोह देण्याचा विचार करा असं सांगतात. त्या कागदाचा हा अर्थ काढायला बसणारं माणूस आपल्याकडे हवं आहे. पायरी चुकल्याच्या भासाचा अर्थ लावणारे पुष्कळ आहेत.